जंत पाडायचा दिवस

परवा नातीच्या शाळेत जंताची गोळी वाटली. पोरगी घरी आली, दप्तर फेकलं, म्हणाली, "आजोबा, आज गोळी दिली, गोड होती," आणि खेळायला पळाली. झालं. एवढंच. ना गूळ, ना एरंडेल, ना शेजाऱ्यांची सभा, ना पोलीस. मी नुसता बघत राहिलो. आमच्या वेळी जंत पाडणं म्हणजे घरात लग्न काढण्यासारखं काम होतं. लग्नात निदान सल्ला देणारे लोक दुसऱ्या दिवशी आपापल्या गावाला जातात.

जंत हा विषय चारचौघांत काढायचा नसतो हे मला ठाऊक आहे. आमची बायको नीला तर मी सुरुवात केली की उठून आत जाते. "बीपी हाय, शुगर हाय, गुडघे हायत, बोलायला तुम्हाला दुसरी बिमारी मिळंना का?" असं म्हणते. पण बीपीला काय गोष्ट असते का? बीपी माणसाला एकट्याला होतो. जंताचं तसं नाही. जंतात सगळी गल्ली यावी लागते. हेच तर काझी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि तिथूनच माझ्या मागं हे शुक्लकाष्ठ लागलं.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. मला अहमदपूरहून उचलून नव्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसवलं होतं. जिल्हा नवा, पाटी नवी, खुर्च्या मात्र जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेल्या. त्यातली माझ्या वाट्याची खुर्ची डावीकडं कलायची, म्हणून तो सगळा काळ मला अजून थोडा तिरपाच आठवतो. त्यात दुष्काळ. नळाला पाणी येतं हेच लोक विसरले होते, आणि आठवड्यातून एकदा टँकर येई, तो दिवस आम्ही सणासारखा धरत होतो.

खोली मिळाली ती शरणप्पांच्या ओळीत. शरणप्पा गुळाचे अडते. पुढं त्यांचं घर, मागं पाच खोल्यांची ओळ, ओळीच्या टोकाला एक संडास आणि पलीकडं उघडा माळ. खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी आडनाव विचारलं. मी म्हणालो, सोनकांबळे. त्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग विचारलं, "कचेरीत टेबल कोणतं?"

"आवक-जावक."

"म्हंजे आलेलं गेलेलं सगळं कागद तुमच्या हातून?"

"हो."

"मंग या राहायला," असं म्हणून त्यांनी मला सुपारी दिली.

माणूस वाईट नव्हता. त्यांची बायको गुरम्मा, उदगीरकडची, तिला सगळी ओळ अक्का म्हणायची. तीही वाईट नव्हती. फक्त त्यांच्या परसात एक आड होता, त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीला कुलूप, आणि किल्ली अक्काच्या कमरेला. दुष्काळात त्या आडाला तळाशी का होईना पाणी टिकलं होतं. ते मडीचं पाणी, म्हणजे सोवळ्याचं. मालकांच्या पूजेचं आणि पिण्याचं. भाडेकरूंपैकी कोणीच आडाला हात लावायचा नाही असा नियम होता. नियम सगळ्यांना सारखा होता, असं मी स्वतःला अधूनमधून सांगत असे.

आमची सिंधू तेव्हा दुसरीत होती. पोरगी पाटीवरची पेन्सिल खायची. पेन्सिल संपली की भिंतीचा पोपडा खायची, पोपडा हाती लागला नाही तर माती. तोंड पिवळं, नखं पांढरी, पोट तेवढं पुढं. शाळेत प्रार्थनेला उभी राहिली की चक्कर येऊन बसायची. सरकारी दवाखान्यात काझी डॉक्टर होते, त्यांनी दोनदा जंताच्या गोळ्या दिल्या. दोन्ही वेळा पोरगी थोडी सुधारली आणि पुन्हा पेन्सिल खाऊ लागली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून मला दाखवली. आतून पांढरी फटक होती.

"सोनकांबळे, हे बघून घ्या," ते म्हणाले. "आता याच्या खाली रक्त उतरलं तर बाहेरचं रक्त चढवावं लागंल, अन् ते मिळवायला मला सोलापूरला पळावं लागतं. पोरीला गोळ्या देऊन काय फायदा? तिच्या पोटातले मी मारतो, ओळीतून परत भरती होते. संडास एक, माळ एक, पोरं अनवाणी. जेवढे लोक तो संडास वापरतात, तेवढ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या. एकही माणूस सोडू नका. घरातला तर बिलकुल नको."

मी घरी आलो तेव्हा मला हे काम अगदी किरकोळ वाटत होतं. पाच खोल्या आणि मालकांचं घर. जाऊन सांगायचं, गोळी द्यायची. मी सरकारी नोकरीत होतो तरी माणसाच्या स्वभावाबद्दल मला किती कमी माहिती होती बघा.

पहिल्या खोलीत नरसिंग गुरुजी. प्राथमिक शाळेत मास्तर, सगळं आयुष्य घंटेवर. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोनकांबळे, माझं पोट म्हंजे शिस्तीचं पोट हाय. सकाळी सहाला एकदा. तिथं जंताला ॲडमिशनच न्हाई." त्यांच्या शेजारी अमृतराव, एस.टी.त कंडक्टर. ते म्हणाले, "भोकर-लातूर गाडीत उभं राहून राहून आतडी अशी हादरतेत की जंत असते तर कवाच उतरून गेले असते, अर्ध्या तिकिटात." बरं, नाही म्हणून गप्प बसावं की नाही? ते नाही. दोघांनीही सिंधूसाठी मला औषध सांगितलं. गुरुजी म्हणाले वावडिंग. अमृतराव म्हणाले पळसाचं बी, ताकातून. माझ्या लक्षात आलं की जंत सगळ्यांच्या ओळखीचे होते, फक्त राहायला कोणाकडेच नव्हते.

शरणप्पांकडं जायला मला दोन दिवस लागले. ते अडतीवरून येऊन ओट्यावर बसले होते. मी शक्य तितक्या आडवळणानं बोललो. रक्त, आरोग्य, नवा जिल्हा, असं करत करत जंतापाशी आलो. शरणप्पांचा अडकित्ता थांबला.

"हळू बोला," ते म्हणाले. "अहो, गोड खाल्लं की जंत होतेत असं आधीच गावभर बोलून राहिले लोक. गुळाच्या अडत्याच्या घरात जंत निघाले म्हून खबर मार्केटात गेली, तर माझ्या ढेपंला कोण हात लावल?" मग थोडं थांबून म्हणाले, "अन् तसं बी आमच्याकडं कसे असतील? मटणानं होतेत ते."

मला राग आला. तो मी गिळला, पण नीट उतरला नाही. आमच्या घरात मटण शिजायचं ते पगार झाल्यावर. तेवढ्यावर जगायचं म्हटलं तर माझ्या पोटातले जंत केव्हाच उपाशी मेले असते. हे मला तिथं ओट्यावर सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं, आणि मी ते नीलाला दोनदा सांगितलं. आमची माय कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. माझी माय सरजाबाई, आख्खं आयुष्य गावात काढून नातीपायी लातूरला आलेली. ती म्हणाली, "ज्ञानू, लोकायच्या पोटात कामून शिरून राहिला लेका?" मी म्हणालो, "सिंधूसाठी." ती परत तांदूळ निवडायला लागली.

इकडं गोळ्यांचं वेगळंच. एवढ्या लोकांच्या गोळ्या दवाखान्यात नव्हत्या. त्या वरून मागवायच्या. काझी डॉक्टरांनी मागणीचं पत्र केलं, ते रीतसर निघालं, आणि रीतसर माझ्याच टेबलावर आलं. मी ते उघडलं तर त्यावर शिक्का जुन्या जिल्ह्याचा. जुन्या शिक्क्याचं पत्र घ्यायचं नाही, परत पाठवायचं, असा आदेश मीच सकाळी सगळीकडं वाटला होता. आता काय करावं? माझ्या पोरीच्या औषधाचं पत्र मी माझ्या हातानं परत पाठवलं. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना विनंती केली की नव्या शिक्क्यानं पाठवा. ते म्हणाले, नवा शिक्का अजून बनून आला नाही, तो तुमच्या कचेरीतूनच यायचा आहे. शेवटी जुना शिक्का उमटवून, त्यावर काट मारून, खाली हातानं नव्या जिल्ह्याचं नाव लिहिलेलं पत्र चाललं. कोणत्या नियमानं चाललं ते मला अजून माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

गोळ्या आल्या पण माणसं येईनात. म्हणून मी काझी डॉक्टरांनाच ओळीत घेऊन आलो. त्यांनी सगळ्यांना शरणप्पांच्या ओट्यापुढं बसवलं आणि सिंधूला जवळ उभी केली. पापणी ओढून दाखवली. मग म्हणाले, "जंत घाणीतून येतेत. अनवाणी पायातून, न धुतलेल्या हातातून. गुळातून येत न्हाईत, अन् मटणातून आलेले हे न्हाईत. गूळ खाल्ला म्हून जंत झाले असं कोणी म्हणत असंल तर माझ्याकडं पाठवा."

शरणप्पा एकदम सरळ बसले. "डॉक्टरसाब, हे जरा मोठ्यानं सांगता का? तिकडं मागं अमृतरावला ऐकू आलं न्हाई."

डॉक्टरांनी मोठ्यानं सांगितलं. त्या एका वाक्यानं शरणप्पा आमच्या बाजूला आले. दुसऱ्या दिवशी तर ते अडतीवर येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगत होते, जंताचा विषय नसताना.

गोळी घ्या, वर काही घ्यायची गरज नाही, जुलाब तर बिलकुल नको, असं बजावून डॉक्टर सायकलवर बसून गेले. सायकल कोपऱ्यावरून वळेपर्यंत सगळे तिकडं बघत होते. मग गुरम्मा अक्का म्हणाली, "डॉक्टर चांगला हाय. पण वयानं ल्हान हाय."

सगळ्यांनी माना हलवल्या.

"जंत मरतील, मानलं," अक्का म्हणाली. "पण मेलेले जंत पोटात ठिवून बसायचं व्हय? मढं घरात ठिवतेत का कुणी?"

मग अक्कानं तिच्या माहेरची रीत सांगितली. आदल्या रात्री पोटभर गूळ खायचा. गुळाच्या वासानं सगळे जंत एका जागी गोळा होतेत. मग वरून गोळी. आणि पहाटे गरम चहातून एरंडेल, म्हणजे झाडून सगळे बाहेर. शरणप्पांना ही रीत इतकी पटली की त्यांनी तिथल्या तिथं एक आख्खी ढेप ओळीला जाहीर केली. जंत करणारा गूळ जंत पाडणारा झाला, याहून मोठी इज्जत गुळाच्या अडत्याला कोणती मिळणार? फक्त एका गोष्टीवर नीला अडून बसली. सिंधूला गोळी देईन, एरंडेल देणार नाही. अक्का म्हणाली, "बरं, लेकराला नको. लेकराचं मोठ्यांनी घ्यावं," आणि सगळ्यांचा डोस थोडा वाढवला.

दिवस टँकरचा धरला. दुसरा धरून चालणारच नव्हतं. एरंडेल घेतलेली पाच बिऱ्हाडं आणि मालकांचं घर, आणि संडास एक. टँकर सकाळी येतो, एरंडेल पहाटे घेतलं की बरोबर जुळतं. नरसिंग गुरुजींनी खोल्यांप्रमाणे नंबर लावून दिले, लहान सुट्टी, मोठी सुट्टी धरून. मी कचेरीत रजा टाकली, कारण लिहिलं कौटुंबिक.

ती गुळाची रात्र मला अजून आठवते. सगळी ओळ अंगणात बसलेली, मधे ढेप, अमृतराव बत्त्यानं गूळ फोडून देत होते. गूळ काळपट होता, कडेला मीठ फुटल्यासारखा खारट लागायचा, पण काय चव होती. तसा गूळ आता मिळत नाही. गुरुजींनी लहानपणी खाल्लेला पहिला मार सांगितला, शरणप्पांनी निजामाच्या काळात गूळ लपवून कसा नेला ते सांगितलं. माणसं एकमेकांना पोटातलं सांगत होती. माझ्याकडं शरणप्पांनी स्वतःच्या हातानं खडा सरकवला आणि म्हणाले, "खावा सोनकांबळे, गोळा होऊ द्या सगळे."

पहाटे अक्कानं पितळी चमचा घेऊन प्रत्येकाच्या कपात एरंडेल ओतलं. प्रत्येकानं नाक धरून घेतलं. अक्कानं शेवटी उरलेलं टाकून कसं द्यायचं म्हणून स्वतः पिलं.

आणि टँकर आला नाही.

अमृतराव डेपोतून खबर घेऊन आले. कोणी मंत्री हेलिकॉप्टरनं दुष्काळ बघायला येणार होते. हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडू नये म्हणून टँकर सकाळपासून जमिनीवर पाणी मारत होते. सगळी ओळ माझ्याकडं बघायला लागली. "तुमच्या कचेरीचंच काम असंल," गुरुजी पोट धरून म्हणाले. मी आवक-जावकचा कारकून. पण एरंडेल प्यालेल्या माणसाला सरकार म्हणून कोणीतरी समोर लागतं, आणि त्या दिवशी मी होतो.

गुरुजींचे नंबर पहिल्या तासातच मोडले. रांजणात जे होतं ते संपलं. आता बायकांना संडास सोडायचा आणि पुरुषांनी माळावर जायचं, एवढाच मार्ग उरला. मी, गुरुजी, अमृतराव, कोरडे डबे हातात घेऊन निघालो. डबे रिकामे होते, पण सवयीनं घेतले, आणि वाटेत कुठंतरी पाणी मिळेल अशी वेडी आशा होती. माळ जवळ आला तसं दिसलं की माळावर मांडव घातलाय, झेंडे लावलेत आणि मधोमध चुन्यानं मोठा गोल आखलाय. हेलिकॉप्टर आमच्याच माळावर उतरणार होतं.

आम्ही वळायच्या आत पोलिसांनी गाठलं. रिकामे डबे घेऊन माणसं मांडवाकडं चाललीत म्हटल्यावर त्या काळात त्याचा एकच अर्थ होता. पाण्यासाठी मोर्चा.

"बसा खाली," हवालदार म्हणाला.

"बसवत न्हाई," अमृतराव म्हणाले. हे खरं होतं.

"मोर्चा कोणाचा? मागण्या काय?"

गुरुजींनी आयुष्यात कधी खालच्या आवाजात उत्तर दिलेलं नाही. पण त्या दिवशी ते अगदी कळवळून म्हणाले, "साहेब, सोडा एवढीच मागणी हाय. लई लवकर सोडा."

त्यावर हवालदाराला वाटलं की हे कडवे आंदोलक आहेत. त्यानं शिट्टी मारली, आणखी दोघे आले. आमच्याभोवती कडं झालं. आणि मांडवातून कोण यावं? आमचे साहेब, हेडक्लार्क, गळ्यात बिल्ला. त्यांनी मला बघितलं. मी डबा पाठीमागं नेला, पण डबा तो डबाच.

"सोनकांबळे? तुम्ही रजेवर ना? कौटुंबिक कारण?"

आता काय सांगणार? पोटात मुरडा असा आला की खोटं बोलायला सवडच नव्हती. "साहेब, जंताचं औषध घेतलंय. वर एरंडेल. आख्ख्या ओळीनं."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं, अमृतरावांच्या पायाची घडी बघितली. आणि हवालदाराला म्हणाले, "सोडा यांना. अहो आत्ता सोडा, इथं नको." मग टँकरवाल्याला हाक मारून म्हणाले, "यांचे डबे भरून दे आधी." तेवढं त्या माणसाचं मी अजून मानतो. पुढं आम्ही ओढ्याच्या दिशेनं कसे पळालो ते सांगत नाही. वर हेलिकॉप्टर घरघरत होतं. मंत्र्यांनी खाली बघितलं असेल तर त्यांना जिल्ह्याची परिस्थिती नीट कळली असणार.

घरी परतलो तेव्हा ओळीत शांतता होती. अंगणात शरणप्पा खाटेवर पडलेले. आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नसत, आणि आंघोळीला पाणी नव्हतं. ओठ पार सुकले होते. परसातून रहाटाचा आवाज येत होता. मी डोकावलो, तर आडाची जाळी उघडी होती, आणि माझी माय दोर ओढत होती.

काय झालं ते नीलानं मला हळू आवाजात सांगितलं. मालकांना पाणी काढून द्यावं म्हणून अक्का किल्ली घेऊन आडापाशी गेली. कुलूप उघडलं, घागर सोडली, आणि वर ओढायला जोरच राहिला नाही. तिथंच भिंतीला टेकून बसली. ओळीत बाकी कोणी उभं राहण्यासारखं नव्हतं. दारात सिंधूला धरून माय उभी होती.

"सरजाबाई, बघत काय बसलाव?" अक्का म्हणाली. "शेंदा की."

"म्या?"

"मंग कोण?"

"अक्का, तुमची मडी हाय."

"मडी ऱ्हाऊ द्या बाजूला. माणूस मरून राहिलं तिकडं."

मग मायनं पदर खोचला आणि पाणी शेंदलं. आधी मालकांच्या आंघोळीला, मग पूजेला, मग दर दाराला एक एक घागर. खाटेवरून शरणप्पांनी विचारलं, "कोण शेंदून राहिलंय?" अक्कानं उत्तर दिलं, "पाणी हाय नव्हं? पूजा करून घ्या." त्यांनी करून घेतली. मग मायनं गुळाच्या पाण्यात मीठ घालून अक्काला पाजलं, आणि अक्का ते मुकाट्यानं प्याली.

इथं ही गोष्ट गोड झाली असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण संध्याकाळी अक्का खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "सगळी ओळ आडवी झाली, सरजाबाईला कसं काय झालं न्हाई?"

मी घरात येऊन मायला विचारलं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. मी तिच्या पदराची गाठ सोडली. गोळी गाठीतच होती. एरंडेलाचा चहा तिनं मोरीत ओतला होता.

मी तिच्यावर ओरडलो. एवढा आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. सिंधू तिच्याजवळ झोपायची, तिच्या हातून घास खायची. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? एकही माणूस सोडू नका, घरातला तर बिलकुल नको. आख्खी ओळ लोळली, मी पोलिसांच्या तावडीत सापडलो, साहेबांपुढं माझी अब्रू गेली, आणि पोरीचं दुखणं होतं तिथंच राहणार होतं. "तुला तिचं काहीच वाटत न्हाई का, माय?" मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं. मायनं गोळी परत गाठीत बांधली. मग म्हणाली, "टँकर येणार न्हाई, हे मला ठाऊकच होतं, ज्ञानू. सरकारी पाणी कवा येळंवर आलंय? अन् गोळी-एरंडेलानं पोट सुटलं, अन् पाणी न्हाई, तर मंग आडापुढं जाऊन बसावं लागलं असतं. अक्का वाढल तवा घ्यायचं. म्या ल्हानपणी विहिरीपुढं बसून बसून उन्हं काढलीत. येणाऱ्या जाणाऱ्याला म्हणायचं, बाई वाढ, माय वाढ. कुणी वरून वतलं तर घागर भरायची, न्हाई तर तशीच घरी. आता न्हाई बसायची म्या कुणाच्या पाण्यापुढं. पोरीसाठी जीव मागितला तर देते. पण पाणी मागणार न्हाई."

दारात सावली पडली म्हणून बघितलं, तर भिंतीला धरून अक्का उभी होती. किती ऐकलं ते तिनं सांगितलं नाही. ती परत गेली.

दुसरे दिवशी ती गुळाचा खडा घेऊन आली आणि आमच्या उंबऱ्याच्या आत येऊन खाली बसली. त्याआधी ती आमच्या घरात कधी बसली नव्हती. म्हणाली, "सरजाबाई, आज रात्री ह्यो गूळ खावा. गोळी बी घ्या. पहाटं म्या आडावर हाय. तुमी काय मागू नका. मागायचंच न्हाई."

मायनं गूळ हातात घेतला. मग म्हणाली, "एरंडेल न्हाई घेतलं तर चालंल का?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "आमी घेतलंय."

पहाटे मी उठलो तेव्हा अक्का आडाच्या काठावर बसलेली होती, दोर हाताला गुंडाळून. स्वतःला अजून नीट उभं राहता येत नव्हतं, पण माय संडासातून बाहेर आली की ही घागर ओढायची. माय लांबूनच ओंजळ पुढं करून उभी राहिली. जुनी सवय. अक्का म्हणाली, "हात खाली घ्या," आणि भरलेली घागर तिच्या हातात दिली. कुठं वाढायचं नाही, कुठं वरून ओतायचं नाही, नुसती घागर हातात. माय ती घेऊन तशीच उभी राहिली. मी दाराआडून बघत होतो, आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? नीलानं विचारलं काय झालं, तर मी एरंडेलावर ढकललं.

काझी डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा एरंडेलाबद्दल त्यांनी मला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. पण काही दिवसांनी सिंधूनं पेन्सिल खाणं सोडलं. मग पाटीवर लिहायला पेन्सिल पुरू लागली. अमृतरावांनी ओळीतल्या सगळ्या पोरांना उदगीरच्या बाजारातून चपला आणून दिल्या. दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी परत तिची पापणी ओढून बघितली, आणि या वेळी मला दाखवायला बोलावलं. आतून लालबुंद होती. "झालं, सोनकांबळे," ते म्हणाले, "पोरगी सुटली."

मी दवाखान्यातून घरापर्यंत सिंधूला खांद्यावर घेऊन आलो. लातूरच्या भर बाजारातून, कचेरीचा माणूस. कधी एकदा मायला सांगतो असं झालं होतं. घरात नव्हती. परसात गेलो तर आडापाशी माय आणि अक्का दोरावरून भांडत होत्या. अक्का म्हणत होती, तुमच्या हाताला फोड आलाय, द्या इकडं. माय म्हणत होती, तुमच्या कमरंत उसण भरलीय, बसा गप. दोर दोघींच्याही हातात होता आणि घागर मधे लटकत होती.

मी म्हणालो, "माय, डॉक्टर म्हणाले, सिंधू बरी झाली."

"ते दिसून राहिलंय आमाला," माय म्हणाली. "तू सर बाजूला. पाणी सांडल."